पाच व्होल्टचे हजारी सरदार

खोक्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ छापायला शाई लागते, वीज लागत नाही. म्हणून तर आमच्या देवरीच्या बाजारातली तीनचारशे रुपयांची स्पीकरची जोडी कागदावर वरातीतल्या डीजेला भारी पडते आणि घरी आणली की भिंतीवरच्या पंख्यालाही हार जाते.

हिशेब शाळकरी आहे. लॅपटॉपचा यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. ३.० असेल तर साडेचार. त्यावरच चालणारा स्पीकर हजार वॅट कुठून आणणार? ‘पीएमपीओ म्हणजे क्षणभराची कमाल ताकद,’ असा कंपन्यांचा बचाव. क्षणभरासाठी म्हटलं, तरी ५ व्होल्टवर हजार वॅट म्हणजे २०० अँपिअर! जीपचा स्टार्टर ओढतो त्या जातीचा हा प्रवाह, आणि इथे वायर केवढी, तर सुतळीएवढी.

आमच्याकडची बंद पडलेली एक जोडी मी उघडली. आत नखाएवढी सोळा पायांची ८४०३ चिप. तिच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं असतं: दर बाजूला ३ वॅट, तेही आवाज १० टक्के फाटू दिला तर. म्हणजे चिपवाला खरं बोलतो, खोकं छापणारा नाही. समोर ‘बास’ म्हणून मिरवणाऱ्या तिसऱ्या गोल पडद्यामागे ना कॉइल होती, ना चुंबक. नुसतं प्लास्टिक, वर चांदीचा रंग.

आणि हे म्हणे ‘प्लग अँड प्ले’. यातल्या बहुतेकांना दोन शेपट्या असतात. यूएसबीतून फक्त वीज, आवाजासाठी साडेतीन मिलिमीटरची पिन वेगळी. खोक्यावर चित्र खिशातल्या म्युझिक प्लेयरचं. पण त्या बिचाऱ्याला यूएसबीतून स्पीकरला वीज देता येत नाही, म्हणजे मोबाइलचा चार्जर शोधा. लॅपटॉप चार्जिंगला लावला की गुंईऽऽ सुरू. तक्रार केली तर सल्ला मिळतो, ‘चार्जर काढून ऐका.’ आमच्याकडे वीज असते तेव्हा चार्जर काढायचा, अन् वीज गेल्यावर बॅटरी कुठून आणायची?

गाणी ऐकणाऱ्यांचं सोडा, ते जरा फाटकं गाणंही चालवून घेतील. मला राग येतो तो शाळेसाठी. आमच्या तालुक्यात कित्येक पोरांच्या घरी गोंडी बोलतात; पुस्तकी मराठी त्यांच्या कानावर प्रामुख्याने वर्गातच पडते. लॅपटॉपचा स्वतःचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही म्हणून मास्तर पदरचे पैसे घालून ही जोडी आणतो, ‘दीक्षा’ या सरकारी पोर्टलवरचा धडा लावतो, आवाज पूर्ण वाढवतो. मग स, श, त, थ यांचा एकच खरखराट. व्यंजनांची ओळख पटते ती वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांवरून, आणि नेमके तेच अशा डब्यात मरतात. उरतं ते ढुमढुम. पोरांनी ‘शाळा’ ऐकायची की ‘साळा’?

दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, “लोकं वॅट विचारतात जी, आवाज कुठं विचारतात!”

त्याचंही खरं. पण लोकांना वॅट विचारायला शिकवलं कोणी? नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरपासून हेच चाललंय. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती ॲम्प्लिफायरच्या वॅटचे दावे कसे मोजायचे याचा नियम १९७४ सालीच केला. आपल्याकडे खोक्यावर किंमत हवी, आयातदाराचा पत्ता हवा. बीआयएसचं नोंदणीचिन्ह असलंच तर तेही विजेच्या सुरक्षेचं, वॅटच्या खरेपणाचं नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. तो कायदा राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून जात असेलही, देवरीत उतरलेला मी पाहिला नाही.

खोक्यावर आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट छापा, किती टक्के फाटक्या आवाजावर मोजले ते छापा, किती मिलिअँपिअर लागतात तेही छापा. तोवर मी दुकानात उभा राहून बातम्या लावायला सांगतो. डीजेच्या गाण्यावर कुठलाही डबा दमदार वाटतो. बातमीतला शब्द न् शब्द कळला, तरच पैसे. आता मला लांबून येताना पाहिलं की दुकानदार सांगतो, “स्पीकर संपले, मास्तर.”