रिकामा डबा

मे महिन्यात भाचा चार दिवस राहून पुण्याला परत गेला आणि पॉवर बँक आमच्या टीव्हीशेजारीच विसरला. शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवायची होतीच, त्यातच घालू म्हणून हिनं ती रात्रभर चार्जिंगला लावली. चारही दिवे पेटल्यावरच काढली. कुणाचा डबा आपण रिकामा परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतो. त्यातून हे सोलापूर. वर्षानुवर्षं चार-चार दिवसांआड नळाला पाणी पाहिलेल्या या गावात काठोकाठ भरलेलं पिंप बघितल्याशिवाय झोप लागत नाही.

लिथियम बॅटरीचं नेमकं उलटं आहे. तिला अर्धपोटी ठेवलेलं मानवतं. बरेच दिवस वापरायची नसेल तर तीस ते पन्नास टक्के चार्ज करून सावलीत ठेवावी. पार रिकामी केली तर आतून बिघडते. गच्च भरून उन्हात ठेवली तर लवकर म्हातारी होते आणि बिनसलीच, तर भडकाही मोठा उडतो. म्हणूनच एप्रिल 2016 पासून प्रवासी विमानातून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा माल न्यायला बंदी आहे, आणि मालवाहू विमानातही त्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त भरलेल्या चालत नाहीत. हिच्या हिशेबानं हा रिकामाच डबा!

पुडकं घेऊन मी ट्रॅव्हल्सच्या काउंटरवर गेलो. दुपारचे चार वाजले होते आणि अंगाची लाही लाही होत होती.

“आत काय आहे काका?”

“चटणी-भाकरी.”

यात खोटं काही नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. “डिकीत टाका,” तो पोऱ्याला म्हणाला. डिकीचा पत्रा हाताला चटका देत होता. आत सायकल, दोन पोती, कुणाचा तरी मिक्सर. तेवढ्यात मला नाशिक आठवलं. 9 एप्रिल 2022 ला तिथं कंटेनरमधून चाललेल्या चाळीस इलेक्ट्रिक स्कूटरपैकी वीस जळाल्या होत्या. माणसं वाचली, एवढंच नशीब. बॅटरीतला एक सेल दणका बसून किंवा आतल्या दोषानं तापला, की दोन टोकांमधला पातळ पडदा वितळतो, ती आतल्या आत भिडतात, शेजारचा सेल तापतो, मग त्याच्या पलीकडचा. आतलं द्रावण मुळातच पेट घेणारं, आणि बऱ्याच बॅटऱ्यांत तापलेलं रसायन स्वतःच ऑक्सिजन सोडतं. त्यामुळे चादर टाकून आग कोंडायचा उपाय इथं फसतो, मग ती चादर आपल्या सोलापूरची का असेना. लागतं ते पाणी, आणि तेही भरपूर, कारण आतली उष्णता उतरवायची असते. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, हे वेगळंच.

एका पॉवर बँकेनं बस जळते असं नाही. पण डिकीत धूर झाला तर तो कळणार कुणाला? विमानात पॉवर बँक सामानात टाकू देत नाहीत, जवळच्या पिशवीत ठेवायला लावतात, ते याचसाठी. मी पुडकं सोडलं, ती बाहेर काढली, चटणी-भाकरी पुढे पाठवली आणि घरी आलो. काउंटरवरच्या पोराच्या चेहऱ्यावर ‘म्हातारा चळला’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

पुढचे दोन दिवस मी तिच्यावर माझा फोन चार्ज करून ती उतरवली. दोन दिवे राहिले. शेजारची मुलगी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघाली होती, तिच्या पर्समध्ये एका कप्प्यात एकटीच ठेवली. किल्ल्या आणि चिल्लर दुसऱ्या कप्प्यात. हिनं मुकाट्यानं चटणीचा आणखी एक पुडा तिच्या हातात दिला.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. “मामी, अर्धीच चार्ज करून पाठवलीस?”

हिनं फोन माझ्या हातात दिला.