बाई नेत्याला साथ, पण कशात?

"बाईच बाईचे पाय ओढते" हे ऐकून आपले कान किटलेत. म्हणून पक्षातल्या खासदार बायांनी बाई नेत्यामागे उभं राहिलंच पाहिजे, असं मीही चटकन म्हणायचे. ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षाकडे पाहून मात्र अडखळले.

ज्युलिया गिलार्ड 2010 साली तिथल्या पहिल्या बाई पंतप्रधान झाल्या. 9 ऑक्टोबर 2012 ला त्यांनी संसदेत विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट यांना स्त्रीद्वेषावरून धारेवर धरलं. भाषण जगभर गाजलं. (मी दोनदा ऐकलं!) त्याच दिवशी सिनेटमध्ये त्यांच्या सरकारचं विधेयक मंजूर झालं. धाकटं मूल आठ वर्षांचं झालं की एकट्या पालकाने बेकारांच्या कमी भत्त्यावर जायचं, हा नियम जुना भत्ता घेणाऱ्यांनाही लागू झाला. एकटे पालक म्हणजे बहुतेक आयाच. परित्यक्तांच्या पोटगीसाठी मोर्चे काढलेल्या आपण. नजर तिथेच जाणार.

26 जून 2013 ला पक्षाने 57 विरुद्ध 45 मतांनी गिलार्डना हटवून केव्हिन रडना आणलं. मंत्री पेनी वाँग यांनीही रडना मत दिलं. मी त्याला दगा म्हणणार नाही. मला खटकते ती आधीची साथ. नेत्या बाईंना भत्त्याच्या प्रश्नावर उघड अडवण्याचा हक्क सर्वात आधी त्यांच्या पाठीराख्या बायांचा होता.

वयाची ती अट आठवरून चौदावर जायला 2023 उजाडलं, तेही मजूर पक्षाच्याच सरकारात.