अंधार पडताच लागणारा दिवा : सेन्सर कोणता घ्यावा?

शाळांतून विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की आपल्या वस्त्यांतील मुले-मुली हमखास एक प्रयोग निवडतात : अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा. निवड उत्तम आहे. सार्वजनिक शौचालयाकडे जाणाऱ्या गल्लीत उजेड नसेल तर रात्री आयाबहिणींचे काय हाल होतात, हे या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. पण दुकानात जाऊन नुसते 'लाइट सेन्सर द्या' म्हटले तर हाताला येईल ते पुढे केले जाते. घरी प्रयोग चालत नाही, पैसे जातात, आणि 'हे आपले काम नव्हे' असे मुलाच्या मनात बसते. पैशापेक्षा हे नुकसान मोठे आहे. म्हणून पालकांनीही ही माहिती वाचावी, मग ते माझ्यासारखे वाणिज्य शाखेचे का असेनात.

पहिल्या प्रयोगासाठी एलडीआर मागावा. वर नागमोडी रेघ असलेली बारीक चकती आणि दोन पाय, असे त्याचे रूप. किंमत साधारण एका चहाएवढी. याला धन-ऋण टोक नसते, त्यामुळे उलटा जोडला म्हणून बिघडत नाही. प्रकाश पडला की त्याचा रोध कमी होतो. मल्टिमीटर लावून पाहा : भर उन्हात काहीशे ओहम किंवा त्याहून कमी, खोलीत काही हजार, आणि बंद डब्यात हळूहळू चढत लाखांच्या घरात. वंदनेत आपण धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो, या आणि पाहा. हा घटक तसाच, आपले काम डोळ्यांदेखत दाखवणारा.

फोटोट्रान्झिस्टर मात्र जपून घ्यावा. तो एलईडीसारखाच दिसतो. त्यातला काळ्या आवरणाचा प्रकार मुख्यतः अवरक्त किरणच ओळखतो. एलईडी ट्यूबच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळजवळ नसतात, म्हणून घरात तो मुका राहतो आणि उन्हात नेला की चालतो. मुले बिचारी जोडणी तपासत बसतात! फोटोडायोड फार चपळ असतो, पण त्याचा प्रवाह अगदी क्षीण. तो वाढवायला वेगळे सर्किट लागते. बीएच १७५० हा प्रकाश थेट लक्समध्ये मोजतो, मात्र त्याला आर्डुइनोसारखा बोर्ड व प्रोग्राम हवा. तो पुढच्या वर्षी. उलट, नेमके मोजमाप एलडीआरकडून मागू नये. एकाच पाकिटातले दोन एलडीआर सारखे आकडे देत नाहीत.

जोडणी सोपी आहे. ९ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक लाख ओहमचा एक व ४७० ओहमचा एक रोधक, आणि एलईडी. लाखाचा रोधक बॅटरीच्या धन टोकापासून बेसला; एलडीआर बेसपासून ऋण टोकाला; एमिटरही ऋण टोकाला. धन टोक आणि कलेक्टर यांच्यामध्ये ४७० ओहम व एलईडी. उजेडात एलडीआरचा रोध कमी असल्याने बेसवर लागणारा सुमारे ०.६ व्होल्टचा दाब तयार होत नाही. अंधारात होतो आणि दिवा लागतो. दिवा भर उजेडात लागला तर एलडीआर आणि लाखाचा रोधक यांची अदलाबदल झाली आहे असे समजावे.

एलईडीचा प्रकाश एलडीआरवर पडू देऊ नका, नाहीतर दिवा अर्धवट मिणमिणत राहतो. मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा पुरे. घरातल्या २३० व्होल्टला मुलांनी हात लावायचा नाही, हे आईवडिलांनी बजावून सांगावे. एलडीआरमध्ये बहुधा कॅडमियमचे संयुग असते. ते विषारी आहे, म्हणून तो फोडू वा जाळू नये.

आणि ऊन, खोली, संध्याकाळ व बंद डबा, या चार ठिकाणचे ओहमचे आकडे वहीत लिहून ती वही प्रदर्शनात दिव्याशेजारी उघडी ठेवावी. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.