पैलवान थकतो, वस्ताद थकत नाही



चैत्राची पालवी फुटली की आपल्या भोर-वेल्हे भागात यात्रांचे दिवस सुरू होतात. रानात राबाची भाजणी चाललेली असते, रोहिणी नक्षत्राला अजून अवकाश असतो आणि पेरणीपूर्वी माणसाला श्वास घ्यायला चार दिवस मिळतात. पहिल्या दिवशी देवाचा छबिना, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड. आमच्या कामथडीच्या आसपास कुठल्याही गावी जा, क्रम हाच. हलगी कडाडते, रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या होतात आणि ऊन कलता कलता मोठे जोड लागतात.

अशा फडाच्या कडेला चार-पाच म्हातारी माणसे बसलेली आपण नेहमी पाहतो. कान मोडलेले, मनगटे अजून जाड, गुडघे मात्र गेलेले. पंच त्यांना पुढे बोलावतात, फेटा बांधतात, नारळ देतात, शेवटची कुस्ती त्यांच्या हस्ते लावतात. टाळ्या होतात. मग फड पांगतो आणि पुढच्या यात्रेपर्यंत त्यांची आठवण कुणाला राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका फडावर शेजारी बसलेल्या वयस्क पैलवानाला मी म्हणालो, "तात्या, मान मोठा आहे तुम्हाला." तात्या हसून म्हणाले, "सायेब, फेटं लई झालं घरात. पन ढाक कशी लावायची, हे वर्सात एका पोरानं इचारलं न्हाई." तात्यांचे बोलणे मनाला लागले. म्हणून आज खताबियाण्याचा विषय थोडा बाजूला ठेवून या माणसांविषयी लिहितो.

थकलेल्या खेळाडूचा मान ठेवण्याची रीत जगभर आहे. अमेरिकेत गोल्फ नावाचा खेळ फार चालतो. लांब दांड्याने छोटा पांढरा चेंडू दूरवर मारायचा आणि शेवटी जमिनीतल्या भोकात घालायचा. तिथे ऑगस्टा या गावी दर एप्रिलमध्ये मोठी स्पर्धा भरते आणि तिचा आरंभ जुन्या खेळाडूंच्या हस्ते होतो. २०२५ साली गॅरी प्लेअर ८९ वर्षांचे होते, जॅक निक्लस ८५ वर्षांचे आणि टॉम वॉटसन ७५ वर्षांचे. तिघांनी पहिले चेंडू मारले, मग तरुणांचा खेळ सुरू झाला. आपल्याकडे मोठी कुस्ती म्हाताऱ्या पैलवानाच्या हस्ते लावतात, तसाच हा प्रकार. पण निक्लस एवढ्यावर थांबले नाहीत. खेळत असतानाच त्यांनी गोल्फची मैदाने आखायला घेतली आणि खेळणे सुटल्यावरही ते काम चालू ठेवले. आज देशोदेशीची तरुण पोरे त्यांनी आखलेल्या मैदानांवर खेळतात. मान एका दिवसाचा असतो, काम वर्षभर चालते. आपण फक्त मानापाशी थांबतो, हे माझे आजचे गाऱ्हाणे आहे.

हिशेब करून पाहा. पैलवानाची ऐन लढण्याची उमेद दहा-बारा वर्षे. तिशी ओलांडली की अंग जड होते, जुनी दुखणी डोके वर काढतात. वस्ताद म्हणून मात्र तोच माणूस पुढे तीस-चाळीस वर्षे राबू शकतो. त्याने चितपट केलेली माणसे लोक विसरतात, त्याने घडवलेली माणसे पुढची माणसे घडवतात. म्हणजे खरे पीक दुसऱ्या हंगामाचे असते आणि आपण पहिला हंगाम संपला की शेत पडीक टाकतो.

खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः कुस्ती जाणणारे, त्यांनीच पाचव्या वर्षी पोराला मातीत उतरवले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवरच्या कुस्तीची सवय नसतानाही खाशाबा सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गाववाल्यांनी शंभरावर बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली.

पुढे काय झाले? खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार झाले. खात्यातल्या खेळाडूंना त्यांनी शिकवले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० साली त्यांचे नाव दिले. आता १५ जानेवारी हा राज्याचा क्रीडा दिनही झाला. हे सगळे योग्यच झाले. पण हेलसिंकीनंतर ते ३२ वर्षे आपल्यात होते. परदेशी मल्ल गादीवर कसा लढतो हे स्वतः लढून पाहिलेला हा माणूस देशाच्या कुस्तीच्या मध्यभागी बसवायला हवा होता. तो बसवला गेला नाही. कुस्तीतले पुढचे ऑलिंपिक पदक आले २००८ साली, तब्बल ५६ वर्षांनी. सगळा दोष या एकाच गोष्टीचा असे मी म्हणणार नाही, पण खळ्यावर आलेले उत्तम बी कणगीत न भरता कुटून खाल्ले, तर पुढच्या मृगाला काय पेरायचे?

आता दुसरी बाजू पाहा. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंद केसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले. कवठेपिरानच्या मारुती माने यांनीही त्याच स्पर्धेत तशीच जोडी आणली. आंदळकर १९६४ साली टोकियो ऑलिंपिकला गेले, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कारही मिळाला. इथे त्यांची गोष्ट संपली असती तरी नाव राहिले असते. पण त्यांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत ठाण मांडले आणि वर्षानुवर्षे पोरे घडवली. त्यांच्याच हाताखालचे दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाले. १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले आणि पुढे तेही मोतीबागेतच वस्ताद म्हणून उभे राहिले. आंदळकर २०१८ साली गेले, चौगुले २०१९ साली. पण त्यांच्या हाताखालून गेलेली माणसे आज गावोगावच्या तालमींत शिकवत आहेत.

तिसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. निलंगा तालुक्यातले हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० साली त्यांनी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी शिष्य घडवले. त्यांतले एक काका पवार, तेही अर्जुन पुरस्काराचे मानकरी. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे हाही पोरवयात बिराजदारांकडेच आला. २०११ साली बिराजदार वारले, तेव्हा अर्धवट घडलेले ते पोर काका पवारांनी पुढे घडवले. राहुलने २०१८ साली राष्ट्रकुल सुवर्ण मिळवले आणि ते आपल्या दिवंगत गुरूला अर्पण केले. २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यही आणले. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. जिंकलेल्या हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. ही रीत पुस्तकातून येत नाही. ती तालमीत, वस्तादाच्या नजरेखाली अंगवळणी पडते.

उत्तरेकडे हेच अधिक नेटाने झाले. दिल्लीत गुरू हनुमान यांनी म्हातारपणीही आखाडा सोडला नाही. १९९९ साली ते गेले, पण तोवर त्यांचे शिष्य सतपाल स्वतः गुरू झाले होते. २००८ चे ते पदक आणणारा सुशील कुमार सतपालांच्याच हाताखाली तयार झाला. दुसरे मोठे मल्ल मास्टर चंदगीराम यांनी उतारवयात आपल्या मुलींना कुस्ती शिकवली. लोक हसले, तरी त्यांनी सोडले नाही. त्यांचे शिष्य महावीर फोगाट यांनीही मुलींना शिकवले आणि २०१० साली गीता फोगाटने राष्ट्रकुल सुवर्ण मिळवले. आपल्याकडे महिलांची महाराष्ट्र केसरी २०२३ साली सांगलीला सुरू झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने पहिली गदा उचलली. जुन्या माणसाने नवी वाट मोकळी केली तर गाव त्या वाटेने जाते. हे आम्ही शेती खात्यातली माणसे रोज पाहतो. नवे वाण आम्ही कितीही सांगितले तरी लोक ते घेत नाहीत. गावातल्या एखाद्या जाणत्याने आपल्या खाचरात लावले की पुढच्या वर्षी सगळी आळी बी मागायला येते.

आता कुणी म्हणेल, "साहेब, हल्ली कुस्ती गादीवर आली, गुणांवर आली. म्हाताऱ्याला त्यातले काय कळते?" शंका रास्त आहे. गादीचे नियम, वजनगट, मिनिटांचा हिशेब हे शिकवायला तरुण प्रशिक्षकच हवा. पण मानेची ताकद, पायांची बैठक, पट काढण्याची वेळ, घिस्सा, ढाक, मोळी यांतले बारकावे आणि हरल्यावर गप्प राहण्याची सवय हे जुन्या माणसाकडून मिळते. शेणखताने जमीन घडते आणि त्यावर मोजून दिलेले वरखत पिकाला लागू पडते, तसेच हे आहे. दोन्ही हवे.

आणखी एक गोष्ट काळजीची आहे. लवकर अंग भरावे म्हणून काही पोरे पावडरी आणि इंजेक्शनांच्या नादी लागत आहेत. त्यात हृदयाचा, मूत्रपिंडाचा धोका आहे आणि तपासणीत सापडले तर बंदी येते ती वेगळीच. पोराच्या अंगातला फरक बापाला उशिरा कळतो. रोज पहाटे त्याला अंगावर घेणाऱ्या वस्तादाला तो आठ दिवसांत कळतो. हा पहारेकरी गावात बसून आहे, त्याला कामावर घ्या.

मग करावे काय? या पानाच्या शिरस्त्याप्रमाणे काही साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट यात्रा कमिटीसाठी. फडाच्या वर्गणीतला दहावा हिस्सा वस्तादासाठी बाजूला काढावा. समजा एक लाख जमले, तर दहा हजार निघाले. महिन्याला आठशे-साडेआठशे पडतात. त्यात कुणाचे घर चालत नाही, पण बोलावण्याला वजन येते. सरकारी मानधन नावाजलेल्या किताबवाल्यांपर्यंत पोचते. गावोगावच्या फडांत आयुष्य घालवलेल्या पैलवानाची सोय गावानेच पाहावी.

दुसरी गोष्ट तालमीची. जिथे हौदा कोरडा पडला आहे, तिथे तरुण मंडळाने तांबडी माती चाळून घालावी, तेल-ताक-हळद घालून मळावी आणि किल्ली म्हाताऱ्याच्या हाती द्यावी. आठवड्यातून दोन दिवस पोरांना मॅट असलेल्या ठिकाणी न्यावे. आपल्या पुणे-सातारा रस्त्यावरच्या गावांना तर हे अवघड नाही. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवावी आणि घरातल्या एखाद्या बाईमाणसाने सोबत बसावे.

तिसरी गोष्ट शिकल्या-सवरल्या पोरांसाठी. हातात मोबाइल आहे. म्हाताऱ्यांकडून एकेक डाव करवून घ्या, चित्रण करा, डावाचे नाव आणि तोड त्यांच्याच तोंडून भरून ठेवा. माणूस गेला की त्याच्याबरोबर डावही जातो.

चौथी गोष्ट घरातल्या माय-भगिनींसाठी. पैलवानाचा व्यायाम सुटतो, पण खुराकाची सवय सुटत नाही. तूप, दूध, मटण पूर्वीच्या मापाने चालू राहिले तर साखर आणि रक्तदाब वाढतो. माप कमी करा, वर्षातून एकदा डॉक्टरकडे न्या, रोज चालायला पाठवा. तालमीपर्यंत चालत गेले आणि तासभर पोरांवर ओरडून आले, तर त्यासारखे औषध नाही.

येत्या यात्रेत फेटा जरूर बांधा, तो त्यांचा हक्कच आहे. फक्त फेटा बांधता बांधता कानात एवढे विचारा, "तात्या, उद्या पहाटे तालमीत येता ना? पोरं वाट बघत्यात." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोरे खरोखरच हजर ठेवा.