तेल प्यायलेले लॅगिंग आणि कोरडे हुकूम



डिझेल इंजिनाला आग लागली की प्रशासनाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ड्यूटीवर कोण होते? आग कशाने लागली हा प्रश्न मागाहून येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. शेडमध्ये तीस वर्षे हात काळे केल्यावर आम्ही सांगतो, यातल्या अनेक आगी आठवडे आधी दिसत असतात. त्या लॅगिंगमध्ये ओल्या होऊन बसलेल्या असतात.

ज्या डब्ल्यूडीएम-२ वर आमची पिढी काम शिकली ते १६ सिलिंडरचे, २६०० अश्वशक्तीचे इंजिन. टर्बो नसेल तर ते एवढा भार ओढणार नाही. सिलिंडरमधून निघालेला जळका वायू टर्बोचे एक चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून इंजिनात भरते. पूर्ण लोडवर हा वायू ५०० अंश सेल्सिअसच्या घरात असतो. म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्डला आणि टर्बोच्या गरम बाजूला लॅगिंग गुंडाळतात. उष्णता आत राहावी, आणि वरच्या कव्हरमधून झिरपलेले तेल किंवा डिझेलच्या पाइपातून उडालेला फवारा तापलेल्या लोखंडावर पडू नये, एवढेच त्याचे काम.

पण टर्बोच्या बेअरिंगलाही दाबाने तेल जाते. सील गेले, पाइपाचा जोड ढिला झाला, कव्हरची पॅकिंग कडक झाली की तेल ठिबकते आणि लॅगिंग ते पिते. काचेचे सूत स्वतः जळत नाही, म्हणून साहेब निर्धास्त असतात. साहेबांनी हे समजून घ्यावे : भांड्यातले तेल आणि सुतावर पसरलेले तेल यांत फरक आहे. पसरलेल्या तेलाला चहूकडून हवा लागते, ते हळूहळू तापत जाते आणि लॅगिंग त्याची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. भांड्यातले तेल ज्या तापमानाला पेटत नाही, त्याहून कमी तापमानाला हे पेटते. इंजिन बंद केल्यावर धोका संपत नाही, कधी कधी वाढतो. वारा थांबतो आणि लोखंडातली उष्णता बाहेर येत राहते.

आमच्या डिव्हिजनमधल्या एका शेडची गोष्ट. मालगाडीच्या ड्रायव्हरने रिपेअर बुकात दोनदा लिहिले, ‘टर्बोजवळ धूर, लॅगिंग ओले.’ दोन्ही वेळा समोर शेरा पडला, ‘पुसले, ठीक.’ तिसऱ्या खेपेस गाडी एका लहान स्टेशनवर लूपमध्ये उभी होती, इंजिन बंद होते. धूर दिसला म्हणून असिस्टंटने हूडचा दरवाजा उघडला, आत हवा गेली आणि ज्वाळा त्याच्या हातावर आली. दोघांनी सिलिंडर मारून आग विझवली. पुढे काय झाले? एसएफ-११ आले ते फिटरला, ‘साफसफाईत हयगय’ म्हणून. आम्ही स्टोअरचे कागद मागितले. लॅगिंगच्या कापडाचा इंडेंट ‘स्टॉक नाही’ म्हणून परत आलेला होता! तरी फिटरची एक वर्षाची वेतनवाढ रोखली गेली. अपिलात ती सुटली. इंजिनावरचे उरलेले लॅगिंग मात्र तेच राहिले.

‘पुसले’ या शब्दावरच आमचा आक्षेप आहे. भिजलेली गोधडी वरून पुसून कोरडी होते काय? केरोसीनने पुसाल तर तेल आत ढकलले जाते आणि वर केरोसीनची वाफ राहते. पाण्याचा झोत माराल तर पाणी उडून जाते, तेल सुतात राहते. ओल्यावर नवी पट्टी गुंडाळणे हा तर सर्वांत लबाड उपाय, इन्स्पेक्शनच्या दिवसापुरता. नुसती पत्र्याची शील्ड असेल तर ती काढून, धुऊन, सुकवून परत बसवता येते. दोन पत्र्यांमध्ये सूत भरलेली शील्ड आणि गुंडाळलेले लॅगिंग तेल प्यायले की टाकूनच द्यावे लागते. तेही आधी गळती बंद करून, नाहीतर नवे लॅगिंग पंधरा दिवसांत जुने होते.

समुद्रावर हे वाद मिटलेले आहेत. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांप्रमाणे, इंधनाचा पाइप फुटला तर ज्या पृष्ठभागावर तेल उडू शकते आणि जो २२० अंशांच्या वर तापतो, तो झाकलाच पाहिजे. तेल आत मुरू नये म्हणून लॅगिंगवर पत्रा चढवतात. जहाजाच्या इंजिन रूममधला खलाशी आणि आमचा खलाशी यांच्या कातडीत फरक आहे काय?

टपाल खात्यातल्या बांधवांनी हे रेल्वेचे दुखणे समजून पान उलटू नये. मेल मोटारच्या टर्बो डिझेल गाडीतही टर्बोवर शील्ड असते आणि तेलाचा पाइप तिच्या शेजारून जातो. चढावर जळक्या तेलाचा वास आला तर तो लॉगबुकात लिहा, तोंडी सांगू नका. मागे टपालाच्या थैल्या असतात.

लॅगिंग बदलणाऱ्याचे काय? जुन्या इंजिनांवर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी आणि कापड होते. आम्ही ते हाताने फाडले, तोंडाला रुमालही न बांधता. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांतील जी मुदत उशिरा संपेल तोवर ठेवण्याचा आदेश दिला. शेडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस फाडणाऱ्याची नोंद कोणी ठेवली? १९४८ च्या कारखाना कायद्याच्या व्याख्येतून ‘रेल्वे रनिंग शेड’ वगळलेली होती, आणि २०२० च्या सुरक्षा संहितेतही ती वगळलेलीच आहे. धूळ मात्र व्याख्या वाचून फुप्फुसात शिरत नाही. आजचे सिरॅमिक सूतही निर्धोक नाही. कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, लॅगिंग ओलसर करून, मास्क लावूनच ते काढले पाहिजे.

आपल्या माणसांचेही चुकते, ते लपवण्यात अर्थ नाही. तेलकट कॉटन वेस्ट हूडमध्ये विसरणारे आहेत, आणि पूर्ण लोडवरून आल्याबरोबर इंजिन बंद करणारेही आहेत. त्यांना समज देणे युनियनचेच काम आहे आणि आम्ही ती देतो.

आता नवे कारण ऐकू येते : डिझेल संपत आले, मग लॅगिंगवर पैसा कशाला? कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, वाराणसीच्या कारखान्याच्या नावातून ‘डिझेल’ हा शब्द २०२० मध्ये गेला, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण शंटिंगला डिझेल आहे, तारा तुटल्या की डिझेलच धावते. म्हाताऱ्या इंजिनाची गळती वाढते, कमी होत नाही.

पुढच्या पीएनएमसाठी आम्ही तीन मागण्या लिहून दिल्या आहेत : प्रत्येक शेडमध्ये लॅगिंगचा राखीव साठा, ओले लॅगिंग असलेले इंजिन लाइनवर न सोडण्याचा फिटरला लेखी अधिकार, आणि ‘पुसले’ हा शेरा मारणाऱ्या सुपरवायझरची त्याच ओळीत सही. शाखांनी आपल्या शेडमधल्या ओल्या इंजिनांचे नंबर, रिपेअर बुकाच्या तारखेसह, महिनाअखेर आमच्याकडे पाठवावेत. इंडेंटची नक्कल मिळाली तर तीही जोडावी.