डबा टिकतो, रिमोटचं काय?

आमच्या वर्गात दोन पक्ष आहेत. निवडणुकीतले नव्हेत, प्लेस्टेशनवाले आणि एक्सबॉक्सवाले. कॅन्टीनमध्ये चहा येईपर्यंत यांची एक फेरी होते, चहा आल्यावर दुसरी. वाद गेमवरून फार होत नाही, कारण हल्ली बरेचसे गेम दोन्हीकडे मिळतात. वाद होतो तो 'टिकतो कुठला?' यावरून. तुम्ही चुकीच्या वस्तूवरून भांडताय, हे मी दोन्ही पक्षांना सांगून थकले, म्हणून शेवटी लिहूनच टाकते. कवितांच्या शेजारी कन्सोल कशाला, असं संपादकांनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

प्लेस्टेशनवाल्यांचं आवडतं हत्यार म्हणजे लाल वर्तुळ. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये बाजारात आला. त्याच्या पॉवरच्या बटणाभोवती दिव्यांचं एक कडं होतं, चार तुकड्यांचं. सगळं ठीक असलं की हिरवं. त्यातले तीन तुकडे लाल झाले की समजायचं, डबा गेला. लोकांनी त्याला 'रेड रिंग ऑफ डेथ' असं नाव ठेवलं. काही जण तो टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवायचे, म्हणजे थोडा वेळ परत चालू व्हायचा. (तापलेल्या माणसाला आणखी गोधडी घालण्यातला प्रकार.) बिघाड नेहमीइतकेच आहेत, असं कंपनी आधी म्हणत राहिली. मग जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. कारण काय होतं, ते त्यांनी २०२१ मध्ये स्वतःच्याच माहितीपटात सांगितलं : डबा खूप तापायचा, बंद केला की गार पडायचा, आणि या तापण्या-निवण्यात आतले बारीक जोड तुटायचे. त्याच सुमाराला त्यांनी लाल वर्तुळाचं पोस्टरही विकायला काढलं. याला कोडगेपणा म्हणायचं की कबुली, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण कन्फेशनला गेल्यावर नुसतं 'चुकलं' म्हणून भागत नाही, प्रायश्चित्तही करावं लागतं, आणि अब्ज डॉलर हे काही लहान प्रायश्चित्त नव्हे.

प्लेस्टेशन ३ तरी कुठे सोवळा होता? त्याचा दिवा पिवळा व्हायचा, एवढाच फरक. २००९ मध्ये स्क्वेअरट्रेड या वॉरंटी विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने आपल्याकडच्या सुमारे १६ हजार कन्सोलचा हिशेब मांडला. दोन वर्षांत एक्सबॉक्स ३६० पैकी २३.७ टक्के बिघडले होते, प्लेस्टेशन ३ पैकी १० टक्के, आणि निन्टेन्डोच्या वी पैकी फक्त २.७ टक्के. म्हणजे दोन मल्ल घाम गाळत होते आणि कुस्ती जिंकला तिसराच, ज्याला कुणी आखाड्यात धरतच नव्हतं.

पण ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची आहे. आजचे दोन्ही डबे, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज, २०२० च्या नोव्हेंबरात एकाच आठवड्यात आले. लाल वर्तुळासारखी साथ त्यांच्यात पसरलेली नाही. डबा टीव्हीखाली बसलेला असतो, त्याला कुणी हात लावत नाही. झिजतो तो हातातला.

आमच्या घरी कंट्रोलरला रिमोटच म्हणतात. कन्सोल डॅडींनी कुवेतहून आणला. कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही. एका घरच्या अनुभवावरून कुणाला नावं ठेवायची नाहीत, आणि माझा पक्ष कळला तर अर्धं कॅन्टीन हा लेख इथेच सोडून देईल. लेंट लागला की मम्मी तो चाळीस दिवस कपाटात ठेवते, आणि ईस्टरच्या दुपारी जेवणं झाली की परत मिळतो. तीन वर्षांपूर्वीच्या ईस्टरला मी रिमोट हातात घेतला, तर स्टिकला बोटही न लावता माझा खेळाडू आपला डावीकडे चालायला लागला. थांबेचना. भिंतीला जाऊन टेकला आणि तिथेच पाय मारत राहिला.

धाकटा भाऊ तेव्हा अकरा वर्षांचा. मी सरळ त्याच्यावर गेले. लेंटमध्ये चोरून खेळलास आणि वर रिमोट पाडलास! तो म्हणाला, ''मी नाही पाडलो गं!'' (बेळगावात असंच म्हणतात, पुण्याकडच्या वाचकांनी हसू नये.) मी मम्मीला सांगितलं, मम्मीने महिनाभर त्याचं खेळणं बंद केलं. महिना संपला तरी तो रिमोट मागायला आला नाही. मी खेळायला बसले की तो उठून बाहेर जायचा.

स्टिकच्या आत काय असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आजोबांचा जुना रेडिओ आठवा, आवाजाचं बटण फिरवलं की खरखरणारा. त्या बटणाखाली कार्बनचा पातळ थर असतो आणि त्यावरून धातूची एक पट्टी घासत जाते. पट्टी कुठे आहे त्यावर आवाज ठरतो. थर झिजला की खरखर. तोच भाग, पॉट म्हणतात त्याला, आपल्या रिमोटमध्ये एका स्टिकला दोन असतात : एक डावी-उजवीकडे, दुसरा वर-खाली. झिजलेल्या जागी पट्टी आली की रिमोटला वाटतं, कुणीतरी स्टिक ढकलली. याला ड्रिफ्ट म्हणतात.

आता माझ्या दोन्ही पक्षांनी जरा कान द्यावा. वस्तू खोलून बघणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स रिमोट उघडला. आतल्या स्टिक आल्प्स या जपानी कंपनीच्या निघाल्या. त्याच जातीच्या स्टिक त्यांना एक्सबॉक्स वनच्या आणि निन्टेन्डोच्या प्रो रिमोटमध्येही सापडल्या होत्या. कॅन्टीनमध्ये ज्याच्यावरून मैत्री तुटायची वेळ येते त्या दोन रिमोटचं काळीज एकाच कारखान्याचं! त्या भागाचं आयुष्य २० लाख फेऱ्यांचं, असं बनवणाराच सांगतो. आयफिक्सिटच्या लोकांनी कॉल ऑफ ड्यूटी खेळत आपल्या फेऱ्या मोजल्या आणि हिशेब केला : ४१७ तास. रोज दोन तास धरले तर सात महिने. हा अंदाज आहे, गेम बदलला की बदलेल, आणि ४१७ वा तास संपला की रिमोट लगेच मरतो असंही नाही. पण सुमारे सहा हजार रुपयांची वस्तू घेताना हा आकडा आपल्याला कुणी सांगत नाही.

मग दोघांत तुलना करण्यासारखं काहीच नाही का? आहे की, आणि मला त्यात मजाही येते. प्लेस्टेशनच्या दोन्ही स्टिक खाली शेजारी शेजारी, एक्सबॉक्सची डावी वर आणि उजवी खाली. फुटबॉल खेळताना डावा अंगठा पूर्ण वेळ स्टिकवर असतो, तेव्हा एक्सबॉक्सची ठेवण माझ्या हाताला बरी पडते. प्लेस्टेशन ५ च्या रिमोटची मागची बटणं मात्र कमाल आहेत. धनुष्य ताणलं की बोटाला खरंच ताण जाणवतो. एक्सबॉक्सच्या रिमोटला दोन साधे सेल लागतात आणि त्यावरून त्याची चेष्टा होते. मला तो त्याचा मोठा गुण वाटतो. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमली तर रिमोट खोलावा लागतो, सेल संपले तर भिंतीवरचं घड्याळ आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या घरात बराच काळ सव्वाचार वाजलेले होते ते याचमुळे.

आणि बटणांवरची चिन्हं! जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर, फुली म्हणजे चूक. म्हणून तिथल्या प्लेस्टेशनवर गोल दाबला की 'हो'. बाहेरच्या जगात मात्र फुली म्हणजे 'हो' झालं, आणि प्लेस्टेशन ५ पासून जपानलाही फुलीच दिली गेली. शाळेत वहीभर फुल्या खाल्लेल्या आपल्या पिढीचा अंगठा 'हो' म्हणायला फुलीकडे बिनतक्रार जातो. चिन्ह आणि अर्थ यांचं नातं रूढीने ठरतं, हे आम्हाला भाषाशास्त्राच्या पेपरात शिकवतात. मला ते आधीच कळलं होतं.

पण हे सगळं आवडीनिवडीचं झालं. टिकण्याचा प्रश्न आला की दोघेही एका माळेचे मणी, आणि तिसराही. ज्या निन्टेन्डोचा डबा २.७ टक्क्यांवर होता, त्याच्याच स्विचच्या जॉय-कॉन रिमोटचा ड्रिफ्ट इतका गाजला की २०२० च्या जूनमध्ये अध्यक्षांना भागधारकांसमोर माफी मागावी लागली. बरं, उपाय सापडत नाही म्हणावं तर तसंही नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या रिमोटमध्ये १९९८ सालीच चुंबकावर चालणारी स्टिक होती. तिला हॉल इफेक्ट म्हणतात. चुंबक सरकतो, सेन्सर दुरून ओळखतो, कार्बनच्या थरावर काही घासतच नाही. आज एटबिटडू, गुलीकिटसारख्या लहान कंपन्या अशा स्टिक घालतात. निन्टेन्डोने २०२५ च्या स्विच २ च्या जॉय-कॉनमध्येही त्या घातल्या नाहीत. सोनीने काय केलं? अख्खी स्टिक बाहेर काढून नवी बसवता येईल असा रिमोट २०२३ मध्ये काढला, ड्युअलसेन्स एज. त्याची किंमत साध्या रिमोटच्या तिपटीच्या घरात. म्हणजे टायर झिजला तर बदलता येईल, पण फक्त महागड्या गाडीचा. बाकीच्यांनी टायरसाठी अख्खी गाडी नवी घ्यावी. माझं भांडण या गोष्टीशी आहे. स्टिक बदलता येण्याची सोय साध्या रिमोटला हवी, कारण महिन्याच्या खर्चातून पैसे वाचवून घेणारे आपण साधाच घेतो. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये अमेरिकेत रिमोटचे सुटे भाग विकायला सुरुवात केली, ते मला पटलं, जरी तिथे सोल्डरिंगची कटकट उरतेच.

त्या सोल्डरिंगनेच माझे डोळे उघडले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो जुना रिमोट घेऊन मी खडे बाजारात एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेले. म्हटलं, ''भाऊ, धाकट्याने पाडला होता, बघा काही होतं का.'' त्याने रिमोट खोलला, भिंगातून बघितलं आणि हसला. ''पाडून नाही गेला मॅडम. पाडला असता तर कुठेतरी चरा दिसला असता. हा खेळून गेलाय. आतला कार्बन बघा. कोण खेळतं जास्त?''

जास्त मी खेळायचे. लेंटच्या आधीही थोडं थोडं होतच असणार, मी ते गेमवर ढकललं असेल. त्याने एका स्टिकचे चौदा टाके एकेक करून सोडवले, नवी बसवली, चारशे रुपये घेतले. मी तिथेच स्टुलावर बसून होते, आणि माझ्या डोक्यात सारखं तेच, ''मी नाही पाडलो गं.''

घरी आल्यावर भावाला सगळं सांगितलं. कार्बन, पट्टी, चौदा टाके, आणि सॉरी. चौदा वर्षांचा मुलगा, मान वर न करता त्याने ऐकून घेतलं. मग कपाट उघडलं, दोन्ही रिमोट काढले. दुरुस्त केलेला स्वतःकडे ठेवला आणि दुसरा, ज्याची उजवी स्टिक आता जरा जरा सरकायला लागली आहे, तो माझ्या हातात दिला.

''हा तू घे,'' म्हणाला. ''आणि पाडू नकोस.''