रवणावरची अंडी आणि सुनेची सावली

राजहंसाची अंडी घरच्या घरी उबविता येतात काय, असे एका वाचक भगिनीने आम्हास विचारले आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी दोन ओळी दबकत लिहिल्या आहेत. मागच्या खेपेस सहाच्या सहा अंडी नासली आणि घरातील वडीलधारी म्हणतात, सून विटाळशी असताना पाटीला शिवली म्हणून नासली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' एवढेच आहे. आम्हाला बोलायचे आहे ते या दोन ओळींविषयी.

बाजारात राजहंस म्हणून जे मोठे पांढरे पाखरू विकतात, त्याचे अंडे गावरान कोंबडीच्या अंड्याच्या तिप्पट, साधारण १४० ग्रॅमचे असते. कोंबडीची पिल्ले २१ दिवसांत निघतात, याला मात्र सुमारे ३० दिवस लागतात. खुडूक कोंबडी रवणाला बसविली तर तिच्या पोटाखाली चार ते सहाच अंडी मावतात. कोंबडी आपली अंडी चोचीने फिरवते, पण एवढे जड अंडे तिला हलत नाही. ते फिरविले नाही तर आतला जीव कवचाच्या अस्तराला चिकटून मरतो. म्हणून अंड्याच्या एका बाजूस फुली आणि दुसऱ्या बाजूस गोल काढावा, आणि ती दिवसातून तीनदा हाताने पालटावीत. हे कोणी केले होते काय? पत्रात तसे काही नाही.

आणखी कारणे पाहा. नर नसलेल्या कळपातील अंडे कितीही उबविले तरी त्यातून पिल्लू निघत नाही. आठवड्याच्या बाजारातून आणलेले अंडे किती दिवसांचे, किती धक्के खाल्लेले, हे विकणाराही सांगत नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात ठेवलेले अंडे रवणाला बसविण्याआधीच अर्धवट उबू लागते आणि बिघडते. सात दिवसांपेक्षा जुने अंडे आम्ही तरी घेणार नाही. विजांच्या भीतीने पाटीत खिळा आणि कोळसा ठेवणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. त्या खिळ्याने अंडे फिरत नाही आणि सुनेच्या सावलीने ते नासत नाही. बावीस प्रतिज्ञांची तसबीर भिंतीवर आणि विटाळ पाटीखाली, हे एका घरात कसे नांदते? ज्या समाजाला सावलीचा विटाळ मानून दूर ठेवले, त्याच समाजाच्या घरात सुनेची सावली मोजली जावी, याचे आम्हास फार वाईट वाटते.

तथागतांनी अंड्यांचाच दृष्टान्त दिला आहे. संयुत्त निकायात तो आहे. आठ, दहा किंवा बारा अंड्यांवर कोंबडी नीट बसली नाही, ती उबविली नाहीत, तर पिल्ले सुखरूप बाहेर यावीत अशी तिने कितीही इच्छा केली तरी ती येत नाहीत. आणि ती नीट बसली तर इच्छा न करताही येतात. भिक्खूंना साधनेविषयी सांगितलेली ही गोष्ट आहे, पण रवणावरच्या पाटीलाही ती अक्षरशः लागू आहे.

आता वहीचे काम. अंड्यावर पेन्सिलीने तारीख घाला आणि तीच वहीत लिहा. आमच्या मते ही वही त्याच सुनेच्या हाती द्यावी. आठव्या-दहाव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्याला भोक पाडून बॅटरीच्या उजेडात अंडे धरा. तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे. स्वच्छ पारदर्शक दिसले तर त्यात जीव कधीच नव्हता. ते काढल्याने शील मोडत नाही. वास मारणारे अंडे तर लगेच काढा, फुटले तर बाकीचीही बिघडवते.

कोंबडी मध्येच उठली तर लाकडी पेटीत ४० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावा. एलईडी दिवा चालत नाही, त्याची ऊब पुरत नाही. अंड्यांच्या माथ्याजवळ सुमारे ३८ अंश सेल्सिअस हवेत. तापाचा थर्मामीटर नको, त्यावरचा आकडा वर चढून तसाच राहतो. आत पाण्याची उथळ वाटी ठेवा. दुसऱ्या आठवड्यापासून रोज दहा-पंधरा मिनिटे पेटी उघडून अंडी गार होऊ द्या आणि कोमट पाण्याचा हात फिरवा. वीज गेली तर पेटीवर गोधडी टाका, हवेची भोके तेवढी उघडी ठेवा.

सत्ताविसाव्या दिवसानंतर अंडी फिरविणे थांबवा आणि पाण्याची वाटी मोठी करा. कवचाला टोच पडल्यावर पिल्लू बाहेर यायला एक दिवस, कधी दोन दिवसही घेते. तेवढ्यात घाईने कवच सोलू नका. आतल्या शिरा अजून रक्ताने भरलेल्या असतात, पिल्लू रक्त जाऊन मरते. बाहेर आल्यावरही पहिला दिवस ते पोटातल्या बलकावर काढते. मग उथळ थाळीत पाणी द्या आणि त्यात चार गोटे टाका, म्हणजे पिल्लू बुडत नाही. कोवळे गवत बारीक चिरून द्या. आईविना वाढलेली पिल्ले अंगावर खरी पिसे येईपर्यंत डबक्यात सोडू नका. त्यांची लव भिजते आणि गारठून मरतात.